दुसरी पिशवी

मास्तर गेले हे तिला कुणी सांगितलं नाही. सकाळच्या गर्दीत ती सिग्नलपाशी उभी होती, काखेत कवळ्यांचा डबा धरून, आणि समोरच्या फुटपाथवर एक बाई तिच्यासारखीच दिवा बदलायची वाट बघत होती. त्या बाईच्या अंगात मास्तरांचं जाकीट होतं. निळं, कॉलरपाशी विटलेलं, छातीवर जलतरण तलावाचा पांढरा शिक्का. बाह्या लांब होत होत्या म्हणून दुमडून मनगटावर आणलेल्या. बाईला तिनं ओळखलं. मास्तरांना न्यायला ती कधीकधी हॉस्पिटलच्या दारापर्यंत यायची, आत मात्र पाऊल टाकायची नाही. नवरा जिवंत असताना बायको त्याचं जाकीट घरात घालेल, गॅलरीत घालेल, पण अशा बाह्या दुमडून, आपल्याच मापाचं असल्यासारखं भर रस्त्यात घालणार नाही. दिवा बदलला. दोन्हीकडची माणसं एकमेकांत शिरली, आणि ती बाई तिच्या खांद्याला खांदा घासून निघून गेली. तिच्याकडे बघितलंही नाही. ती स्वतः पलीकडे पोचल्यावर एका बंद दुकानाच्या पायरीशी थांबली. काळजात चर्र व्हायला हवं होतं. पण झालं होतं ते वेगळंच. तिचा जीव भांड्यात पडला होता. बरं झालं, मला एकच पिशवी मिळाली, असं एक अख्खं वाक्य तिच्या मनात येऊन उभं होतं, आणि ते आपलं नाही असं म्हणायला काही जागा नव्हती. डबा घसरतोय असं वाटून तिनं तो छातीशी धरला. आत चार माणसांचे दात होते.

दात बनवणं हे तिचं काम. एका इमारतीच्या तळघरात, पांढऱ्या नळीदिव्यांखाली, ती आणि आणखी दोघं जणं दिवसभर प्लास्टरच्या साच्यांवर वाकलेली असायची. मेण तापवायचं, हिरडीच्या वळणावर बसवायचं, त्यात एकेक दात रोवायचा, वरचा जबडा खालच्यावर टेकवून चावा जमतोय का बघायचं. ज्यांच्यासाठी हे चालायचं ती माणसं तिला कधी दिसायची नाहीत. पण जबड्यावरून माणूस कळतो असं तिला वाटायचं: हा डाव्या बाजूनंच चावतो, ही झोपेत दात खाते, ह्यानं कवळी बरेच दिवस खिशात ठेवलेली दिसते. तिच्या हातांना केसाएवढा उंचवटा कळायचा. त्यामुळे मानेतली गाठ तिची तिलाच सापडली, आरशासमोर नाही, तर साच्यावर वाकलेली असताना, नुसती मान चोळता चोळता. डाव्या कानाखाली, गुळगुळीत, दुखत नसलेली. तिनं बोट उचललं, पुन्हा ठेवलं. प्लास्टरची भुकटी मानेला लागली होती ती तशीच राहिली.

डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला आणि लिम्फोमा म्हणून नाव दिलं. आणि लगोलग म्हणाले, हा जातीचा सावकाश आहे. गोगलगाईची चाल. आज उपचार केले काय आणि चार वर्षांनी केले काय, फरक पडत नाही. तेव्हा थांबायचं आणि बघायचं. नातेवाइकांना हे फारच आवडलं. नणंद फोनवर म्हणाली, सावकाश आहे ना, मग काय, आपण सगळेच सावकाश चाललोय. धाकट्या बहिणीनं तर नशीबवान म्हटलं. तिनंही हसून घेतलं. पण थांबायचं कसं हे कुणी शिकवलं नव्हतं. घरात पाहुणा येऊन बसावा, त्यानं काही मागू नये, काही मोडू नये, फक्त बसून राहावं, आणि दर वेळी पाहिलं की खुर्ची जरा पुढे सरकलेली असावी, तसं ते होतं. पुढे काखेत एक आली. मग जांघेत. रविवारी सकाळी नवरा तिच्या मानेला हात लावून बघायचा. तो वाहतूक खात्यात बसची वेळापत्रकं बसवायचा. भांडणाला भिणारा, मऊ बोलणारा माणूस, आयुष्यभर कुणाला वाईट बातमी न दिलेला. डोळे मिटून दोन बोटांनी चाचपायचा आणि म्हणायचा, "आहे तेवढीच आहे." तिची बोटं त्याच्याहून शहाणी होती, हे दोघांनाही माहीत होतं. तरी ती म्हणायची, हो, तेवढीच वाटते.

थांबण्याचा कंटाळा आला म्हणून ती नव्या औषधाच्या चाचणीत शिरली, हे तिनं कुणाजवळ कबूल केलं नाही. सगळ्यांना सांगितलं ते असं की गाठी आता मोठ्या झाल्यात, डॉक्टरच म्हणतात. ते खरंही होतं. चाचणी करणारी डॉक्टरीण वयानं तिच्या भाचीएवढी, केस घट्ट बांधलेली, आणि गोड बोलायला वेळ नसलेली. तिनं समोर कागद ठेवून समजावलं होतं. शरीराची स्वतःची फौज असते. एक औषध जाऊन वाईट पेशींना चिकटतं, म्हणजे फौजेला त्या ओळखू येतात. दुसरं औषध फौजेला आवरून धरणारा हात सोडवतं. पहिलं जुनं आहे, त्याचे गुणदोष ठाऊक आहेत. दोन्ही मिळून दिली तर जास्त फायदा होतो का, हे आपल्याला बघायचंय. निम्म्या लोकांना एक, निम्म्यांना दोन्ही. कुणाला काय हे संगणक ठरवणार, मी नाही, तुम्ही नाही. तिनं विचारलं होतं की आवरणारा हात सोडवला आणि फौज भलतीकडेच गेली तर? डॉक्टरीण म्हणाली, जाते कधीकधी. तसं झालं तर थांबवतो. तिनं सही केली. संगणकानं तिला एक दिलं.

उपचाराच्या दालनात खिडकीकडे पाठ करून खुर्च्यांची रांग होती, राखाडी, मागे कलणाऱ्या, आणि प्रत्येकीशेजारी एक खांब. तिच्या शेजारच्या खुर्चीत मास्तर असायचे. मुलांना पोहायला शिकवण्यात हयात गेलेली. खांदे दारात मावणार नाहीत असे, पोट सुटलेलं, आवाज तलावाच्या या काठावरून त्या काठावर पोचणारा. तिथं सगळे कुजबुजत बोलायचे आणि मास्तर दालनभर ऐकू जाईल असं म्हणायचे, "बाई, आज कुणाचे दात आणलेत?" पहिल्या दिवशी दोघांच्याही खांबाला एकेक पिशवी लागली. तिची संपली तेव्हा परिचारिकेनं सुई काढली, कापूस दाबून धरायला सांगितला. मास्तरांची संपली तेव्हा परिचारिका दुसरी पिशवी घेऊन आली. लहानशी, पाण्यासारखी, काही रंगही नसलेली. मास्तर तिच्याकडे बघून जरा ओशाळले. ताटात एकट्यालाच वाढलं गेल्यावर माणूस ओशाळतो तसे. तिनं विचारपूर्वक हसून त्यांना शुभेच्छा दिल्या आणि घरी जाताना बसमध्ये तिच्या घशात काहीतरी आंबट साचून राहिलं. मत्सर हा शब्द तिला दोन थांब्यांनंतर सापडला. एवढी मोठी बाई, आणि मत्सर कशाचा, तर विषाच्या पिशवीचा.

आणि तो पुढे वाढतच गेला. मास्तरांच्या गाठी विरघळायला लागल्या. एकदा ते बसता बसताच कॉलर खाली ओढून म्हणाले, "बघा बरं, तुमचे हात शहाणे आहेत." तिनं बोट लावलं. गाठ होती तिथं नुसती कातडी होती, आणि कातडीखाली नाडी. तिचीही जरा कमी झाली होती, पण आक्रसून बसल्यासारखी, गेलेली नाही. मास्तर पुन्हा पाण्यात उतरायला लागले होते. पोरांना वाटतं म्हातारा बुडणार, म्हणून ती काठाशी जमतात, असं सांगून हसले. तीही हसली. त्या हसण्यात तिला आपल्या दातांची जाणीव होत होती, दुसऱ्या कुणीतरी बसवून दिल्यासारखी. मग एका खेपेला मास्तरांची खुर्ची रिकामी होती, पुढच्या खेपेला तिथं एक किरकोळ, अबोल गृहस्थ बसले. तिनं विचारलं तेव्हा परिचारिका म्हणाली की मास्तर आता चाचणीत नाहीत, आणि पिशवीवरचा नंबर दुसऱ्यांदा वाचायला लागली. तेव्हा तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं, की बरे झाले असतील, म्हणून सोडलं.

त्या सिग्नलपासून पुढे काही दिवस तिचं कामात लक्ष लागेना. एका जबड्याचा चावा तिनं उलटा बसवला; तळघरातल्या सहकाऱ्यानं तो निमूटपणे तिच्यासमोर ठेवला. बरं झालं हे दोन शब्द तिला भलत्या ठिकाणी ऐकू यायचे, नळ सोडताना, कुलपात किल्ली फिरवताना. एक माणूस मेला होता आणि तिला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि वाईट असं की अजूनही वाटत होतं. मग तपासणीचा दिवस आला आणि तेही संपलं. पडद्यावर तिच्या शरीराचा काळा-करडा आडवा काप दाखवून डॉक्टरीण म्हणाली की मानेतली आणि काखेतली, दोन्ही पुन्हा वाढायला लागल्यात. एकट्या औषधाचं काम इथं संपलं. नियमाप्रमाणे आता तुम्हाला दुसरंही देता येईल. द्यायचंच असं नाही. थोडं थांबूही शकता. नवरा शेजारी बसला होता. तो थांबू म्हणाला. तिनं मास्तरांचं विचारलं. नाव घेऊन मला बोलता येणार नाही, डॉक्टरीण म्हणाली, पण दोन्ही औषधं घेतलेल्यांत एक मृत्यू झालाय, हे तुम्हाला सांगणं माझं कामच आहे. फौज हृदयावर उलटली. बाकी बहुतेकांच्या गाठी गेल्या. आता दर वेळी रक्त आणि हृदय तपासतो, आणि एकच मागणं मागतो, काहीही वाटलं, अगदी जरासंही, तरी सांगायचं. हे बोलताना तिचा आवाज पहिल्यांदाच भाचीसारखा झाला.

तलावावर जाऊन तिनं मास्तरांचा पत्ता मिळवला. स्वतःला सांगितलं की सांत्वनाला जायला हवं, शेजारी बसलो इतके दिवस. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं जिना चढताना तिला वाटत होतं की दार उघडताच त्या बाईला सगळं कळेल. मास्तरांची बायको शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेली. घरात दोनच खोल्या, भिंतीवर पोरांचे पोहण्याचे फोटो, खुर्चीच्या पाठीवर ते निळं जाकीट. तिनं पाणी दिलं, समोर बसली, सांत्वनाचे शब्द ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाली, "दातांच्या बाई ना तुम्ही, एका पिशवीवाल्या? तुम्हाला आता दुसरी देणार आहेत ना?"

तिला खोटं बोलता आलं नाही.

मग त्या बाईनं सांगितलं, वर्गात सांगावं तसं, एकेक करून. गेल्यानंतर डॉक्टरांनी शरीर उघडून बघायची परवानगी मागितली, ती तिनं दिली. आत एक गाठ सापडली नाही. मानेत नाही, पोटात नाही, कुठंही नाही. "आजार संपला होता हो," ती म्हणाली. "निरोगी माणूस गेला माझा." बाहेर कुठल्यातरी घरात मिक्सर सुरू होऊन बंद झाला. बाई पुढे म्हणाली की दम त्यांना आधीपासून लागत होता. पाण्यात नाही, जिन्यात. एका मजल्यावर थांबायचे, बुटाची नाडी बांधल्यासारखं करायचे. तिनं बघितलं, विचारलं, तेव्हा त्यांनी हात धरून शपथ घातली, तिथं बोलायचं नाही, कळलं तर दुसरी बंद करतील. गाठी वितळताना दिसत होत्या. इतक्या वर्षांनी माणूस आरशात बघून शीळ घालत होता. "मी नाही बोलले," ती म्हणाली. "शब्द दिला होता, तो पाळला. आयुष्यभर मुलांना सांगत आले की शब्द पाळावा." ती रडली नाही. निघताना दारात त्या बाईनं विचारलं, हात लावू का? आणि तिच्या मानेवर, डाव्या कानाखाली, दोन बोटं ठेवली. त्या बोटांना जागा शोधावी लागली नाही. बराच वेळ ती तशीच उभी होती. "घ्या म्हणणार नाही, घेऊ नका म्हणणार नाही," ती शेवटी म्हणाली, कुणी काही विचारलेलं नसताना. "मला विचारायला आलात, पण मला नाही सांगता येत."

घरी येऊन तिनं नवऱ्याला, मास्तरांच्या अंगात गाठ सापडली नाही, एवढंच सांगितलं. शपथेचं स्वतःपाशी ठेवलं. का ठेवलं हे तिला तेव्हा कळलं नाही, किंवा कळलं आणि तिनं तिकडं बघितलं नाही. नवरा म्हणत राहिला की थांबू, अजून तशी सावकाशच आहे, बाकी औषधं निघतील. तो थांबू म्हणाला की तिला त्याचा राग यायचा, त्याच्या मऊ आवाजाचा, वेळापत्रकं बसवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाच्या धीराचा. रात्रंदिवस कुणीतरी खुर्ची पुढे सरकवतंय आणि हा घड्याळ बघतोय. तिनं होकार कळवला.

दुसऱ्या पिशवीला काही चव नव्हती, जळजळ नव्हती, काही नव्हतं. फक्त हात गार पडायचा. आणि गाठ खरोखरच उतरली. आधी मऊ झाली, मग कडा गेल्या, मग शोधावी लागायला लागली. तळघरात साच्यावर वाकलेली असताना तिचा हात आपोआप मानेकडे जायचा आणि काही न सापडून परत यायचा, आणि त्या क्षणी तिच्या छातीत जे उमलायचं त्याला आनंद म्हणायला ती घाबरायची. बहिणीनं फोनवर ओळखलं, म्हणाली, तुझा आवाज बदललाय. कामावर तिनं एका म्हातारीची कवळी अशी बसवली की दंतवैद्यानं चिठ्ठी पाठवून कळवलं, बाई सफरचंद चावून खाते. मग कोरडा खोकला आला. धुळीचा असेल, तळघरात प्लास्टरची धूळ काय कमी. मग एके दिवशी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचे पाय थांबले. दम असा नव्हताच, हवा आत जायची, पण पुरायची नाही, जणू छातीच्या आत कुणीतरी एक खोली बंद केली होती. ती पायरीवर बसली. हातातल्या पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं केलं. आणि पिशवीत हात घातलेला असताना तिला मास्तर असे समजले जसे ते शेजारी बसून कधी समजले नव्हते: वाकलेले, बुटाच्या नाडीशी खेळणारे, त्या रुंद पाठीखाली भीतीपेक्षा लोभ जास्त असलेले. मरणाची भीती होतीच. पण ती तिथं होती तशीच होती, पुष्कळ वर्षांची, घरची झालेली. नवा होता तो लोभ. मानेवर काही नसण्याचा.

नवरा भाजी घेऊन मागून येत होता. त्यानं तिला पायरीवर बघितलं. वर पोचल्यावर, दार लावून घेतल्यावर, ती म्हणाली, "हे तिथं बोलायचं नाही." तो भाजी पिशवीतून काढत राहिला. तिनं त्याचा हात धरून पुन्हा सांगितलं. "बरं," तो म्हणाला. आयुष्यभर त्यानं बरं म्हटलं होतं, आणि म्हटलं ते केलंही होतं.

पुढच्या खेपेला परिचारिकेनं नेहमीचे प्रश्न विचारले. ताप? नाही. जुलाब? नाही. अंगावर पुरळ? नाही. पिशव्या खांबाला लागलेल्या होत्या, पहिली आणि लहान. रक्ताचे आणि हृदयाचे अहवाल आले होते, ते ठीक होते. हृदय आपल्या जागी शहाण्यासारखं वागत होतं. दम? परिचारिकेनं कागदावरून मान वर न करता विचारलं. ती नाही म्हणाली. सहज म्हणाली, जमलं तिला. आणि शेजारच्या स्टुलावरून नवऱ्याचा आवाज आला, मऊच, पण जरा फाटलेला.

"लागतो," तो म्हणाला. "काल जिन्यात बसली होती. परवाही. रात्री खोकते."

तिनं त्याच्याकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता, गुडघ्यांवर ठेवलेल्या स्वतःच्या हातांकडे बघत होता. परिचारिकेनं पेन खाली ठेवलं. डॉक्टरीण आली, पाठीवर नळी टेकवून बराच वेळ ऐकत राहिली, लगेच यंत्राखाली पाठवलं. दोन्ही फुप्फुसांत धुकं धरल्यासारखे पांढरे डाग होते. वेळेत कळलं, डॉक्टरीण म्हणाली. आणखी एक पिशवी गेली असती तर मला सांगता आलं नसतं काय झालं असतं. दुसरं औषध आजपासून बंद. पुन्हा कधीच नाही. फौजेला झोपवायच्या गोळ्या सुरू करू, भूक वाढेल, चेहरा सुजेल. गाठींचं मग बघू. परिचारिकेनं लहान पिशवी खांबावरून काढली. भरलेली होती. तिनं ती पिवळ्या डब्यात टाकली, आणि झाकण आपसूक बसलं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि तो शेजारी. सबंध वाट तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती, की त्या बाईनं शब्द पाळला. आपला नवरा जन्मात पहिल्यांदा कुणाशी तरी वाकडा वागला, आणि ते तिच्याशी. तिला त्याला मारावंसं वाटत होतं. समोरच्या आसनावर एक माणूस डोकं मागे टाकून झोपला होता, तोंड उघडं, आणि तिला दिसलं की वरच्या कवळीचा डावा सुळा जरा आत बसलाय. कुणीतरी घाईत केलेलं काम. ती तिकडेच बघत राहिली. मास्तरांच्या बायकोनं त्या दिवशी दारात तिच्या मानेवर बोटं ठेवली, तेव्हा काय शोधत होती? नवऱ्याला, असं तिला तेव्हा वाटलं होतं. आता वाटलं, ती शोधत असेल ती वेळ, जेव्हा अजून बोलता आलं असतं.

इमारतीच्या जिन्यात पहिल्या मजल्यानंतर तिला थांबावं लागलं. ह्या वेळी तिनं पिशवीत हात घातला नाही. सरळ पायरीवर बसली आणि श्वास घेत राहिली, मोठ्यानं, लपवल्याशिवाय. तो खालच्या पायरीवर उभा होता, वर यावं की नाही हे न कळून. वरच्या मजल्यावरून कुणीतरी उतरत आलं, भिंतीला चिकटून वाट काढत निघून गेलं. मग तोही बसला, तिच्या पायांपाशी, पाठ तिच्या गुडघ्यांना टेकवून. त्याच्या मानेवरचे केस पांढरे आणि विरळ झालेले तिला इतक्या जवळून दिसले.

"आता पुन्हा वाढेल ती," ती म्हणाली.

"वाढू दे," तो म्हणाला.